कापणीच्या दिवसांतला अल्बम

पाऊस संपला की बदलापूरच्या हवेला कापलेल्या भाताचा वास येतो. ओलसर पेंढ्याचा, थोडा गोडसर, थोडा धुळकट. बेलवलीत आमच्या इमारतीमागे आता शेतं उरलेली नाहीत, सगळीकडे टॉवर झालेत. पण वाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नाही. तो बारवी धरणाच्या अंगाने पूर्वीसारखाच येतो आणि वास घेऊनच येतो.

परवा सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि तो आला. नवऱ्याचा ओला शर्ट माझ्या हातात तसाच राहिला. दर वर्षी असंच होतं. आधी नाकाला कळतं, मग छातीला, डोक्याला सगळ्यात शेवटी. डोकं आपलं म्हणतं, ऑक्टोबर आला वाटतं, उकडायला लागलं. तोवर छातीत काहीतरी खाली बसून गेलेलं असतं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आम्ही तिघं एक अल्बम करत होतो. हे वाक्य लिहितानाही मला जरा हसू येतं, कारण आमच्याकडे अल्बम म्हणजे लग्नाचा. मी मावशीला फोनवर सांगितलं होतं, आमचा पहिला अल्बम येतोय, तर ती म्हणाली, "अगो, कुणाचं ठरलं?"

आमचं संगीत तिला समजावून सांगणं कठीणच होतं. त्यात गाणी नव्हती, शब्द नव्हते, तबला-पेटी नव्हती. आम्ही आसपासचे आवाज गोळा करायचो. शिलाई मशीनचे, पंपाचे, पाण्याच्या टाकीचे, फाटकाच्या कड्यांचे. मग कॉम्प्युटरवर घेऊन ते कापायचे, ताणायचे, संथ करायचे, एकावर एक ठेवायचे. त्यात आमच्यातल्या काळूरामने स्वतः जोडलेले डबे गुणगुणायचे. जुन्या रेडिओचे आणि बिघडलेल्या मिक्सरचे सुटे भाग घालून त्याने ते केले होते. बटण फिरवलं की त्यातून कधी मधमाश्यांसारखा तर कधी लांबून येणाऱ्या विमानासारखा सूर निघायचा. ऐकणारे विचारायचे, "गाणं कधी सुरू होणार?" आणि तोवर ते संपत आलेलं असायचं.

आमच्या ग्रुपचं नाव होतं 'भारनियमन'. नाव हरेशने ठेवलं. आम्ही तिघंही वीज जाणाऱ्या संध्याकाळींत वाढलेलो. तो म्हणायचा, लाइट परत आली की सगळ्या गल्लीतले पंखे एकदम फिरायला लागतात, फ्रिज घरघरतो, कुणाचा तरी टीव्ही मध्येच बोलायला लागतो आणि पोरं ओरडतात, तेच त्याला आठवणारं पहिलं संगीत.

हरेश उल्हासनगरचा, सिंधी. कॅम्प नंबर तीनमध्ये त्याच्या वडिलांचा जीन्सचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, शिलाई मशीनच्या दोन रांगा, मधोमध कापड कापायचं मोठं टेबल, आणि घर वरच्या मजल्यावर. लहानपणी तो त्या टेबलाखाली डेनिमच्या थानांवर झोपायचा. मशीन चालू असेतो गाढ झोप, मशीन थांबली की रडत जागा. "मेरी लोरी वो थी," असं तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा.

माझी त्याची ओळख झाली ती मी काम करते त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, अंबरनाथला. तो आईची शुगर तपासायला घेऊन आला होता. मी नाव लिहून घेतलं, रक्त घेतलं, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणून सांगितलं. आई बाहेर गेली तरी हा काउंटरशी उभाच.

"अजून काही टेस्ट करायच्यात का?"

"नाही. ते आत रक्त फिरवायचं मशीन आहे ना, ते थांबताना जो आवाज येतो तो रेकॉर्ड करू का?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने खिशातून छोटा रेकॉर्डर काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं लोक उसनी साखर मागताना बघतात. मी त्याला आत घेतलं. मशीन पूर्ण वेगातून हळूहळू उतरत थांबेपर्यंत तो डोळे मिटून उभा होता. मी ते मशीन वर्षभर रोज ऐकत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते खरं ऐकू आलं.

काळूराम त्याला त्याच्याही आधी भेटला होता, भंगार बाजारात. एकाच जुन्या रेडिओला दोघांनी हात घातला होता आणि दोघंही सोडायला तयार नव्हते. शेवटी रेडिओ दोघांत घेतला. काळूराम बारवी रस्त्याला आत असलेल्या एका वाडीवरचा. आयटीआय करून अंबरनाथच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागला होता. बोलायला कमी. आम्ही त्याला राम म्हणायचो. आणि मी बदलापूरच्याच हेंद्रेपाड्यातली, कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या बापाची एकुलती मुलगी, थोडंफार गाणं शिकलेली. अशी आमची तिघांची मोट.

रामच्या घरचं भात कापायला आलं तेव्हा हरेश म्हणाला, आपण जायचंच. शेअर रिक्षाने गेलो, पुढे पायवाटेने. दव वाळलेलं नव्हतं. पिवळं पडलेलं शेत, त्यात ओणवलेल्या बायका, आणि पलीकडे ऑक्टोबरच्या स्वच्छ हवेत डोंगर इतका जवळ दिसत होता की हात लावावा. हरेशने रेकॉर्डर काढला आणि सरळ बांधावर पालथा पडला.

रामची आई, तिला तो आय म्हणायचा, कापायची थांबली. "ह्या पोराला बरा नाय का रं?"

"बरा हाय. आवाज घेतोय."

"आवाज घ्याया झोपायला लागतं?"

बायका हसल्या. हरेशने मान वर न करता एक हात उंच केला आणि म्हणाला, "कोणी बोलू नका. चालू."

हे त्याचं नेहमीचं. रेकॉर्डरचं बटण दाबलं की आधी हे वाक्य, मग आवाज. नंतर कॉम्प्युटरवर तो हे वाक्य सगळ्यात आधी कापून टाकायचा. त्या दिवशीही बायका गप्प झाल्या आणि शेतात फक्त विळे उरले. खर्र, खर्र, खर्र. मध्येच मूठभर भात आडवं पडल्याचा हलका फस्स. एका पोरीला हसू आवरेना, ती पदर तोंडात कोंबून पळाली. हरेश तसाच पडून राहिला, गालाला माती लागलेली, डोळे मिटलेले.

झाल्यावर त्याने हेडफोन आयच्या कानावर चढवला. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली. मग स्वतःच्या हातातल्या विळ्याकडे बघितलं. तो हलत नव्हता. तिने वळून मागच्या शेताकडे बघितलं, तिथेही कुणी वाकलेलं नव्हतं. सगळ्या बायका उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या.

"मंग आता कोन कापतंय?" ती घाबरूनच म्हणाली.

येताना राम मागे राहिला भारे वाहायला. आम्ही दोघं बांधावरून चाललो होतो. हरेशने एक इयरफोन मला दिला, एक स्वतःच्या कानात. वायर लहान होती, म्हणून पावलं जुळवून चालावं लागत होतं. मी पुढे गेले की त्याच्या कानातलं निघायचं, तो थांबला की माझ्या. सॉक्सना कुसळं चिकटली होती. कानात विळे चालले होते आणि बाहेर कुठेतरी खळ्यावर झोडणीचे ठोके.

"दिवाळीनंतर घरी बोलू या का?" तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"कारखान्याबद्दल. पपांना नवीन मशीन घ्यायचंय."

मी त्याच्याकडे बघितलं. तो पायवाटेकडे बघत होता, पण कान लाल झाले होते. मी म्हटलं, "बोलू. मशीनबद्दल." पुढे रिक्षापर्यंत तसेच पावलं जुळवत गेलो. आमचं प्रेम एवढंच बोलून झालेलं आहे. नंतर कितीतरी वेळा मी आठवून बघितलं, आणखी काही बोललो होतो का. नाही. एवढंच.

ते दिवस कसे होते हे आता सांगताना मला ऊनच आठवतं. कॅम्प तीनमधलं दुपारचं ऊन, रविवारी बंद कारखान्याच्या जाळीतून टेबलावर पडणारं. टेबलावर डेनिमची निळी धूळ. ती बोटांना लागायची, नखांत जायची. आंटी, म्हणजे हरेशची आई, वरून कोकी आणि लोणचं पाठवायच्या. जाड, कांदा घातलेली, खमंग भाजलेली ती कोकी खात आम्ही एकाच स्क्रीनकडे बघत बसायचो. हरेश कापायचा. ताणायचा. परत कापायचा.

"राहू दे ना रे ते," मी म्हणायची.

"नको. जास्त झालं."

मी एकदा त्या रिकाम्या कारखान्यात नुसता षड्ज लावला होता. लांब, दमसास संपेपर्यंत. भिंतींवरून तो छान परत येत होता. हरेशने तो घेतला आणि इतका ताणला, इतका खाली नेला की तो आवाज राहिलाच नाही. नुसता एक उजेडासारखा पट्टा झाला. मला वाईट वाटलं. म्हटलं, ह्यात मी कुठे आहे?

तो म्हणाला, "माणसाचा आवाज ओळखू आला ना, की लोक बाकीचं ऐकायचं सोडतात. त्या माणसालाच बघत बसतात."

हा त्याचा नियम होता. अख्ख्या अल्बममध्ये ओळखू येईल असा एकही माणूस नको. ना मी, ना राम, ना आय, ना तो.

एकदा आंटी स्वतः खाली आल्या. पोरगा माऊस घेऊन टकटक करतोय ते बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. "दिन भर क्या काटता रहता है, पुट?" राम म्हणाला, "आंटी, कापणी चाललीय." हरेशने चमकून त्याच्याकडे बघितलं. अल्बमचं नाव तेव्हा ठरलं.

एकदा हरेश घरी आला असताना एक तुकडा मी बाबांना ऐकवला होता. बाबांनी चष्मा काढून ठेवला, जसं काही ऐकायला तो आड येतो. बराच वेळ ऐकून म्हणाले, "हे तर आमच्या कंपनीतल्या कॉम्प्रेसरसारखं वाजतंय."

हरेश म्हणाला, "काका, कॉम्प्रेसरच आहे."

बाबा एकदम खूश झाले. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी इतकं खूश केलं नव्हतं. त्यांनी तो तुकडा परत लावायला सांगितला आणि सोफ्यावर मागे रेलून, पाय सोडून ऐकला. मी स्वयंपाकघराच्या दारातून दोघांना बघत होते. मला वाटलं, आता काही अवघड नाही. दिवाळी आली की झालं.

पाऊस संपल्यावर आमच्या भागात तापाची साथ येतेच. त्या वर्षी लॅबबाहेर रांगा लागत होत्या. दिवाळी तोंडावर आलेली. एका सकाळी रांगेत मला आंटी दिसल्या आणि त्यांच्या खांद्याला टेकलेला हरेश.

त्याचं रक्त मीच काढलं. दंडाला रबरी पट्टी बांधली, शीर शोधली. हात तापलेल्या तव्यासारखा. तो म्हणाला, "हळू." मी म्हटलं, "रोज शंभर लोकांचं काढते मी." तो म्हणाला, "म्हणूनच." ट्यूब भरली, तिच्यावर मी त्याचं नाव लिहिलं. आत मशीनमध्ये ठेवली आणि फिरवली. तो बाहेर बाकावर भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. मशीन उतरायला लागलं तसा म्हणाला, "खालच्या सुरात गेलंय गं हे. बघून घे एकदा."

आपलंच रक्त फिरतंय हे विसरून तो सूर ऐकत होता.

रिपोर्ट माझ्यासमोर निघाला. डेंग्यू होता आणि प्लेटलेट्स फारच उतरलेल्या होत्या. मी आंटींना शांतपणे सांगितलं, आजच अ‍ॅडमिट करा. शांतपणे बोलायचं आम्हाला शिकवलेलंच असतं.

हॉस्पिटलात राम आणि मी आळीपाळीने जायचो. त्याला बोलायला त्रास होत होता, पण अल्बमचं विचारायचा. शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता. विळे, मग झोडणी, मग हळूच आत येणारं लॅबमधलं मशीन, आणि पुढे काही तरी, ते त्याच्या डोक्यात होतं. राम म्हणाला, "मी थोडं करून ठेवू?" हरेशने मान हलवली. "शेवटच्याला हात लावू नका. मी आलो की करतो."

मग ताप उतरला. अंग थंड लागायला लागलं तशी आंटींनी वॉर्डात सगळ्यांना मिठाई वाटली, पलीकडच्या खाटेवरच्या अनोळखी बाईलासुद्धा. हरेशचे वडील खाली जाऊन चहा घेऊन आले, सगळ्यांसाठी. मी पेढा हातात घेतला, पण तो तोंडात घालता येईना. ह्या तापात अंग थंड पडतं तेव्हाच खरं सांभाळावं लागतं, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनाही माहीत होतं, ते दर थोड्या वेळाने येऊन बघत होते. बाकी सगळे हसत होते. आंटींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "अब रो मत, ठीक हो गया."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

उठावणीच्या, म्हणजे त्यांच्यातल्या शोकसभेच्या दिवशी मी मागे बसले होते, शेजारच्या बायकांमध्ये. पुढे त्याची आई, बहीण, मावश्या. कुणीतरी माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण? दुसरीने सांगितलं, त्याच्या ग्रुपमधली मुलगी आहे. ते खरंच होतं. मी त्याच्या ग्रुपमधली मुलगी होते. रडायचं तर किती रडायचं, ह्याचंही एक मोजमाप असतं माणसाच्या नात्यावरून ठरलेलं. माझ्या वाट्याला आलं तेवढं मी रडले, आणि बाकीचं घेऊन रिक्षात बसले.

त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीचा कंदील लागला नाही. बाबांनी काही न विचारता तो माळ्यावरून काढलाच नाही.

आता प्रश्न राहिला अल्बमचा. राम आणि मी एका रविवारी कारखान्यात बसलो. हरेशचा कॉम्प्युटर लावला. सगळे तुकडे पूर्ण होते, नावं घातलेले, नीट ठेवलेले. शेवटचा तसाच होता. विळे, झोडणी, मशीन आत येतं, आणि मध्येच शांतता.

मूळ रेकॉर्डिंगही होती, न कापलेली. मी एक उघडलं. "कोणी बोलू नका. चालू." दुसरं उघडलं. "कोणी बोलू नका. चालू." प्रत्येकाच्या सुरुवातीला तो होता. कधी कंटाळलेला, कधी उत्साहात, एकदा सर्दी झालेला.

मी म्हटलं, "राम, हे शेवटी टाकू या. जिथे तुटतं तिथे. नुसता त्याचा आवाज."

"नको."

"का नको?"

"तो मला मारेल."

"तो नाहीये आता, राम!"

"नाहीये म्हणून आपण वाट्टेल ते करायचं काय?" इतक्या वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "त्याने सांगितलं, हात लावू नका. जाताना एवढं एकच सांगून गेला ना तो आपल्याला? अजून काय सांगितलं त्याने? सांग ना, तुला काय वेगळं सांगितलं?"

 मला काय सांगितलं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रामलाही नाही. राम माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याला बहुधा सगळं समजलं, कारण तो एकदम उठला, नळाखाली तोंड धुतलं, आणि परत येऊन हळू म्हणाला, "तू म्हणशील तसं करू."

मग मला ते म्हणवेना. शेवटचा तुकडा आम्ही तसाच ठेवला, अर्धा.

अल्बम नेटवर टाकला. थोड्या लोकांनी ऐकला. दूरच्या कुठल्या तरी देशातल्या एका माणसाने लिहिलं की शेवटचा तुकडा वीज गेल्यासारखा अचानक संपतो, ग्रुपच्या नावाला साजेसा शेवट आहे, फार आवडला. राम म्हणाला, उत्तर द्यायचं का? मी म्हटलं, काय देणार?

थंडी सरता सरता आंटी लॅबमध्ये आल्या, शुगर तपासायला. एकट्याच. रक्त देऊन झाल्यावर म्हणाल्या, "बेटा, वो तुम लोगों का गाना मुझे भी सुना दे."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात गेले. कारागीर जेवायला गेले होते. आंटी कटिंग टेबलाशी स्टूल ओढून बसल्या, मी हेडफोन लावून दिला. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं होतं, मध्येच काढतील. एकदा बोट वर करून म्हणाल्या, "ये अपना ओवरलॉक है." ओळखलं त्यांनी ते शिलाईचं मशीन, पार बदलून टाकलेलं असूनही. मग परत ऐकत राहिल्या. शेवट आला, तुटला. तरी त्या थांबून राहिल्या, पुढे काही येईल म्हणून. शेवटी हेडफोन काढला.

"अच्छा है," त्या म्हणाल्या. मग, "इसमें हरेश किधर है?"

मी सांगायला लागले. सगळं त्यानेच केलंय आंटी, हा आवाज कुठे थांबतो, तो कुठून येतो, हे सगळं ठरवणारा तोच.

"वो समझी मैं. पर वो किधर है?"

 मी शेतातलं मूळ रेकॉर्डिंग काढलं आणि लावलं. "कोणी बोलू नका. चालू."

आंटींनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं हुंदका येईल, मी उठून जवळ गेले. पण त्या रडत नव्हत्या. पोराने बोलू नका म्हटलं होतं, त्या बोलत नव्हत्या. ओठ घट्ट मिटून, वर हात दाबून त्या विळे ऐकत बसल्या. जेवून आलेला एक कारागीर मशीनला हात घालायला गेला, तर त्यांनी दुसरा हात उंच करून त्याला थांबवलं. बाकीचे आले, दारातच थांबले. रेकॉर्डिंग लांब होतं. संपेपर्यंत त्या कारखान्यात कुणी हललं नाही.

जाताना मी ती सगळी 'चालू' त्यांच्या फोनमध्ये भरून दिली.

'भारनियमन' आम्ही बंद केलं असं कधी झालं नाही. ते नुसतं पुढे चाललं नाही. राम पुण्याच्या बाजूला मोठ्या कंपनीत गेला. त्याला दोन मुली आहेत. भाऊबीजेला त्याचा फोन येतो, बोलणं पोरींच्या शाळेवरून सुरू होतं आणि तिथेच संपतं. माझंही लग्न झालं. प्रशांत चांगला माणूस आहे. लग्नाआधीच मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने अल्बम मागून घेतला, एकदा पूर्ण ऐकला आणि म्हणाला, "शेवटी एकदम बंदच होतं गं." बस्स. पुढे काही विचारलं नाही. ह्या न विचारण्यासाठी मी त्याची फार ऋणी आहे.

लोक म्हणतात, काळ गेला की कमी होतं. कमी होत नसावं. आपण त्याच्या आजूबाजूने चालायला शिकतो, इतकंच. एरवी वर्षभर मी लॅबमध्ये नळ्या भरते, नावं लिहिते, संध्याकाळी भाजी घेते, बाबांच्या गोळ्या आणते. मग एका सकाळी वारा फिरतो आणि मी परत त्या बांधावर असते, एका कानात विळे घेऊन.

परवा तसा वास आला आणि काल सकाळी आंटींचा फोन आला. आता त्या मुलीकडे असतात, कारखाना भाड्याने दिलाय. दिवाळीच्या सुमारास त्या फोन करतातच, पण काल आवाज वेगळा होता.

"मानसी, एक बात पूछूँ? बिझी तो नहीं?"

"नाही, बोला ना आंटी."

"हरेश हँसता कैसे था?"

मी गॅस बंद केला.

"आवाज है मेरे पास, वो जो तूने दिया था. रोज सुनती हूँ. पर उसमें हँसता नहीं है. सुबह से बैठी हूँ, याद नहीं आ रहा. उसके पापा होते तो पूछती. तुझे तो याद होगा. मैं ऊपर से देखती थी ना तुम दोनों को."

त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"आठवतं ना आंटी," मी म्हटलं, आणि मग सांगता येईना. हसणं कसं सांगायचं? म्हणून मी करून दाखवायला गेले. आधी श्वास आत ओढला, मग दोन-तीन झटके. स्वयंपाकघरात एकटी उभी राहून मी फोनमध्ये हसले आणि ते कुणाचंच हसणं नव्हतं.

"ना, ना," आंटी म्हणाल्या. "ऐसे नहीं था."

"मग कसं?"

 मग पलीकडून एक बारीकसा आवाज आला, नाकातून, दाबून धरल्यासारखा. परत एकदा. मग तो सुटला, वर चढला, मध्येच अडकला आणि पुन्हा सुटला. म्हाताऱ्या गळ्यातून, पण बरोब्बर. हरेश हसत होता.

मी फोन कानाशी घट्ट धरला होता.

"हाँ," आंटी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "हाँ. ऐसे था."